ओटीपी नवाबकडे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण, सूड.

आमच्या पिंपळे सौदागरच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वेबसाइट नवी करायची आहे. ३० तारखेला वर्धापनदिन, त्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायची. टीम तिघांची, सगळं फुकट. उत्कर्षा टीम लीडर. पोरगी हिंजवडीच्या कंपनीत आहे, मारुंजीला राहते. मी ज्युनिअर डिझायनर, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला. आणि नवाब. देहूरोडला त्याचं गॅरेज होतं. त्याचं काम फोटो गोळा करणे, म्हणजे काहीच नाही.

काल संघाच्या बैठकीत मी माझं होमपेज दाखवलं. गोल फिरणारं चक्र, त्यात सगळ्या सभासदांचे फोटो. नवाब म्हणाला, सोपान, याचं व्हील बॅलन्सिंग राहिलंय राव, बघणाऱ्याला गरगरतंय. सगळे हसले. उत्कर्षासुद्धा. चक्र रद्द.

चाकणला अख्खी नोकरी क्वालिटीत काढली. दुसऱ्याच्या मालाला ‘नापास’चा लाल टॅग मी लावायचो.

निश्चय: १) नवाबशी बोलणं बंद. २) सकाळी फिरून आल्यावरचा त्याच्याबरोबरचा चहा बंद. ३) ३० तारखेला पडद्यावर माझंच चक्र फिरणार.

४ नोव्हेंबर
साइटवर काहीही बदलायला ओटीपी लागतो. ओटीपी नवाबच्या मोबाइलवर जातो. तो सेक्रेटरी असताना त्याच्याच नंबरावर सगळं घेतलेलं.

निश्चय क्रमांक एक तात्पुरता स्थगित. फोन केला. त्याचा चष्मा सापडेपर्यंत ओटीपी संपला. दुसरा मागवला तर त्याने पहिलाच वाचून दाखवला. तिसरा लागला. म्हणाला, चहाला का नाही आलास, आज आलं घातलं होतं. मी म्हटलं, कामात आहे. थंडपणे म्हटलं. लागलं असणार त्याला.

६ नोव्हेंबर
सूड सुरू. ‘आमची टीम’ पानावर नवाबचा सफारीतला रुबाबदार फोटो होता. तो काढला. लोणावळ्याच्या सहलीतला लावला. डोळे मिटलेले, तोंडात अख्खं भजं.

हिला दाखवला. ही म्हणाली, किती छान दिसतायत नवाबभाई, खाताना माणूस खरा दिसतो. हिला डिझाइनमधलं कळत नाही.

९ नोव्हेंबर
भज्याचा फोटो फारच छान दिसतोय असं दोघांनी सांगितलं. काढला. सफारीवाला परत लावला, पण बोटाच्या नखाएवढा.

ओटीपी झटकन मिळाला. नवाबने चष्म्याला दोरी लावून गळ्यात अडकवलाय. म्हणाला, तुझ्या ओटीपीसाठीच लावली राव. मी विरघळलो नाही. थोडा विरघळलो, पण तेही पाच मिनिटांत संपलं.

१२ नोव्हेंबर
उत्कर्षाचा फोन. काका, टीमच्या पानावर कोणीतरी सारखं काहीतरी हलवतंय. मी म्हटलं, सर्व्हर असेल. ती म्हणाली, मग सर्व्हरला जरा समजवा काका. पटलं तिला.

१७ नोव्हेंबर
चहा पुन्हा सुरू. कारण शुद्ध तांत्रिक: समोरासमोर ओटीपी लवकर मिळतो. कंपनीत अशा छोट्या सुधारणेला कायझन म्हणायचे. नवाबने क्रीमरोल आणले होते. शत्रूचा क्रीमरोल खाल्ला. खमंग होता.

२४ नोव्हेंबर
मुख्य डाव तयार. चक्र एका आतल्या पानावर लपवून ठेवलंय. ३० तारखेला सकाळी त्याला होमपेज करायचं. फोटो मूळ आकारातच ठेवले, प्रत्येकाची सुरकुती न् सुरकुती दिसली पाहिजे. फोटो लहान करा, साइट जड होते, असं उत्कर्षा म्हणायची. तरुणांना धीर नसतो.

शिवाय टीममधून नवाबचं नावच काढून टाकलं. सूड पूर्ण. छातीत हलकं वाटायला हवं होतं. ॲसिडिटी आहे.

३० नोव्हेंबर, सकाळ
नवाब सलूनमध्ये होता. तोंडाला फेस, तशाच तोंडाने ओटीपी वाचला. कशाला हवाय, एका शब्दाने विचारलं नाही. चक्र होमपेजवर चढवलं. इस्त्रीचा शर्ट घातला.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
हॉल भरलेला. आमचे अध्यक्ष भिमाजीअण्णा इथल्या जुन्या गावातले, त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर चक्र आलं. माझं नव्हे. साइट उघडायच्या आधी फिरतं ते, रिकामं. फिरतच राहिलं. भिमाजीअण्णा माइकवरच म्हणाले, आरं, ह्ये नुसतंच फिरतंय व्हय? मान्सं कुठं हायेत?

हसू सुरू झालं. मी बुटाकडे बघत होतो. तेवढ्यात नवाब उठला आणि अण्णांच्या हातून माइक घेतला. म्हणाला, चांगली गाडी गरम व्हायला वेळ घेते. मग सुटलाच. सोपान या वयात मोबाइलवर अंगठ्याने साइट बनवायला शिकला. आपल्या सभासद कस्तुराबाईंचा एकही फोटो नव्हता, तर त्यांच्या घरी जाऊन, त्यांना नवी साडी नेसायला लावून काढला. (नवी साडी नवाबला सुचली होती.) टाळ्या पडल्या.

तोवर उत्कर्षाने नवाबच्या मोबाइलवर ओटीपी बघून तिचं होमपेज परत लावलं. त्यात खाली सभासदांच्या भागात माझं चक्र होतं. छोटे फोटो, संथ फिरणारं. खाली लिहिलेलं, कल्पना: सोपान कुदळे.

उत्कर्षा म्हणाली, सरप्राइज होतं काका. नवाबकाका हटूनच बसले होते, बॅलन्सिंग करा पण चाक टाकू नका म्हणाले.

मग तिने टीमचं पान उघडलं. दोनच नावं. नवाब पडद्याशेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बाहेर पडताना त्याने मोबाइल पुढे धरला. साइटवर काहीही बदललं की त्याच्या नंबरावर मेसेज जातो, हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. फोटो बदलला. फोटो लहान केला. नवाब शेख यांना काढले. सगळे ओळीने. रोज रात्री बायकोला, रुक्सानाला वाचून दाखवायचो, म्हणाला, तीही विचारायची आज सोपानभाऊंनी काय केलं. मग चष्मा उतरवला. म्हणाला, शेवटचा मेसेज नाही वाचला तिला.

१ डिसेंबर
चहावर ओटीपी मागितला. नवाबने विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, मेंटेनन्स. त्याने दोरीचा चष्मा लावला आणि आकडे सांगितले.

थोड्या वेळाने त्याचा मोबाइल वाजला. ‘नवाब शेख यांना जोडले.’ वाचला, खिशात ठेवला. आणखी दोन चहा सांगितले.

म्हणाला, फोटो भज्याचाच लावलास ना? मी म्हटलं, हो. म्हणाला, मग जरा मोठा लावायचास राव.

मी म्हटलं, नको. साइट जड होते.