कोचचा पट्टा

९ जानेवारी १९७८, सोमवार
कॉलेज सोडून आज तीन आठवडे. पश्चात्ताप नाही. अर्थशास्त्राच्या सरांच्या फळ्यावर डस्टर फेकला, सरांना लागलाही नाही. म्हणे माफी माग, नाहीतर वर्गात येऊ नको. माफी मागण्यासारखं काही घडलेलंच नाही.
बेत ठरला : पंचविसाव्या वर्षी हेड कोच. सुरुवात झालीच आहे. कॉलेजच्याच बास्केटबॉल टीमच्या हॉगन कोचनी मला जिम झाडायला ठेवून घेतलंय. मॅचला टीमबरोबर बेंचवर बसायचं.

१४ जानेवारी, शनिवार
माझं खरं काम कळलं. कोच भडकून रेफरीवर धावले की मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना खाली बसवायचं. आमच्या बेंचचे तीन टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचे, फाउल झाले की हेड कोच बाहेर, मग फाउल कोणी का केला असेना. म्हणजे अख्खी टीम माझ्या उजव्या मुठीत.
आईला फोन केला. म्हणाली, म्हणजे वेंडेल, तू त्यांची पँट धरून बसतोस?
फोन ठेवला.

२१ जानेवारी
हरलो. कोचना विचारलं, या कामाला मीच का? म्हणाले, तुझं डोकं माझ्यासारखंच आहे पोरा. मी कधी उठणार ते तुला माझ्या आधी कळतं. लगेच पुढे : कॉलेज पूर्ण कर. डिग्रीशिवाय हेड कोच कोणी करत नाही.
माणूस चांगला. जुन्या वळणाचा.

२८ जानेवारी
हरलो. पण आर्डिस. गणिताच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मॅचला कोर्टाकडेच्या टेबलाशी बसून स्कोअरबुक लिहिते. माझ्यापासून चार खुर्च्या. आज दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यातलं एकदा घड्याळाकडे असेल.
पुढच्या शनिवारी बोलायचं. नक्की.

४ फेब्रुवारी
बोललो नाही. मुठीत पट्टा होता. कामावर असताना बरं दिसत नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार
कॅन्टीनच्या रांगेत आर्डिस पुढे. मागे वळून म्हणाली, हा चमचा तुझा का? आवाजात काहीतरी होतं. राजमा-खिम्याची चिली थंड झाली तरी तिथेच बसलो. लग्नानंतर कुठे राहायचं हा प्रश्न आहे. कोचला फिरतं राहावं लागतं.

१५ फेब्रुवारी, बुधवार
वाईट बातमी. कॉलेजच्या अध्यक्षांनी कोचना सांगितलं, शनिवारी हरलात तर पुढच्या वर्षी हेड कोच प्रूइट. प्रूइट म्हणजे आमचा असिस्टंट, सगळं फायलीत लावून ठेवणारा. हॉगन कोचची इथे एकोणतीस वर्षं झाली.
मी जिम झाडत होतो तिथे आले. म्हणाले, शनिवारी मला सोडू नकोस.
शब्द दिला.

१९ फेब्रुवारी, रविवार
काल.
पहिल्या हाफमध्येच कोचचे दोन टेक्निकल. दोन्ही तोंडाने केलेले. तोंडाला पट्टा नसतो, मी काय करणार? दुसऱ्या हाफमध्ये अकरा वेळा खाली खेचलं. दोन मिनिटं उरली तेव्हा तीन गुणांनी पुढे होतो. कोच गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसले होते.
आमच्या सेंटरला खेळणाऱ्या पोराचे फाउल चार झाले की पाच (पाचव्याला खेळाडू बाहेर), यावरून रेफरी टेबलाशी गेला. आर्डिसला म्हणाला, पोरी, पाचपर्यंत मोजता येतं ना?
पट्टा कधी सुटला, आठवत नाही. मी रेफरीच्या छातीशी होतो. काय बोललो ते लिहीत नाही. ही वही कधीतरी आई उघडेल.
शिट्टी. तिसरा.
कोचनी कोट उचलला आणि दाराकडे चालत गेले. मागे पाहिलं नाही.
आर्डिस म्हणाली, मूर्खा, चारच झालेत, मी त्याला वही दाखवतच होते. मग पेन्सिल उचलली. म्हणाली, फाउल लिहायचाय. तुझं नाव काय?
एका गुणाने हरलो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
कोचच्या ऑफिसातली खोकी त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली. प्रूइट येऊन दारावरच्या पाटीचं माप घेऊन गेला. मी तिथेच होतो. काही फेकलं नाही.
माफी मागायला गेलो. निम्म्यातच कोच म्हणाले, माझी राहू दे. डस्टरवाल्या मास्तरांची मागितलीस का?
म्हणालो, सोमवारी जातो.
म्हणाले, मीही येतो. आता वेळच वेळ आहे. मागून तुझा पट्टा धरून उभा राहीन.
मी पट्टा लावत नाही. सोमवारच्या आत एक घ्यायला हवा.