मोठ्या साहेबांना ‘इज’ कसं म्हणायचं?

खांदेश्वर, रविवार

ती. बाबासो मामांना रणजीतचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला आता कसा आहे? इकडे आम्ही मजेत. तुमची भाचेसून प्रियदर्शिनी तर महिनाभर नुसती हसतेय. कारण मीच.

द्रोणागिरीच्या आमच्या गोडाऊनला चेन्नईहून मुरुगन साहेब येणार होते. सगळ्यांना इंग्रजीत मेल पाठवायचं काम माझ्यावर आलं. (इंग्रजी मला माझ्या मामांनी शाळेत शिकवलंय, हे मीच टेचात सांगून ठेवलेलं.) मी लिहिलं, ‘मुरुगन सर आर कमिंग. दे आर व्हेजिटेरियन. दे ईट वेल.’ आता एवढ्या मोठ्या माणसाला ‘इज’ कसं लावायचं? ‘साहेब आला’ म्हटल्यासारखं वाटतं. (दिवाळीत ‘मामा आले’ म्हणालो, तेव्हा तुम्ही काय चौघं होतात?)

कॅन्टीनवाल्या देवजींनी ‘दे’ वाचून अंदाजानं पंधरा ताटं मांडली. विमानतळावर दोन मोठ्या गाड्या गेल्या. गेटवर पंधरा गुच्छ. आणि गाडीतून उतरला, म्हणजे उतरले, एकच किडकिडीत गृहस्थ. दुसरी गाडी रिकामी. देवजी मागून मोठ्यानं म्हणाले, “बाकीची मानसं कुठं हायत?”

मॅनेजरनं तिथंच माझा मेल साहेबांपुढं धरला. नोकरी गेली, असंच वाटलं मला. मग खरं तेच बोललो, “सर, आमच्याकडं मोठ्या माणसाला एकेरीत बोलत नाहीत.”

साहेबांनी मेल पुन्हा वाचला आणि एकदम हसत सुटले. “अरे, हमारे तमिळ में भी नहीं बोलते!”

मग चौदा ताटांवर त्यांनी माल चढवणाऱ्या हमालांना बसवलं, स्वतः त्यांच्या पंक्तीत बसले आणि तीनदा आमटी मागून घेतली. मला शिक्षा एवढीच, की दर शनिवारी इंग्रजीचा क्लास. तिथल्या स्नेहल मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. पानंच्या पानं ‘ही इज’ लिहून घेतात. हाताला जमतं, जीभ अजून लाजते.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमचा भाचा,
रणजीत

ता. क. इतकं इंग्रजी कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. तुमचं नाव सांगितलंय. रागावू नका.

ता. क. २ तुम्हाला भेटायला साहेब शुक्रवारी गावी येतायत. मेलमध्ये ‘वी आर कमिंग’ लिहिलंय. घरच्यांना आणतायत, की स्वतःलाच मान देतायत, हे विचारायचा मला धीर होत नाही. स्वयंपाक किती जणांचा, ते मामींना तुम्हीच सांगा.