सरपंचांनी न घेतलेलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

लातूर जिल्हा झाला, आता शहराची हद्द वाढणारच. पण शेजारच्या गावचे सरपंच शिवाप्पा आज सकाळी नगरपालिकेत माझ्या, नगराध्यक्षाच्या, दालनात आले, आणि एवढ्या उन्हात समोरच्या पेल्याला हातसुद्धा लावला नाही.

"पाणी घेतलं की सोयरीक जमली म्हणतेत, साहेब. गाव न्हाई द्यायचं आमाला."

"नळ देतो की!"

"तुमचेच नळ कोरडे हायत. डोळा आमच्या विहिरीवर हाय."

राग आला. खरं बोलले म्हणून?

दुपारी समजूत घालायला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. तहानेनं घसा सुकलेला, गटागटा पिलो. शिवाप्पा नुसते हसले.

तो भरलेला पेला अजून डोळ्यांसमोर आहे.

हद्दवाढीचा ठराव मीच मांडणार, मंजूरही होणार. पण विहीर गावाचीच राहील, हेही त्यात लिहीन. तिचं पाणी पिलोय मी.