पवळ्याचे पाय

१० नोव्हें.
वलवणच्या कामाच्या खोलीत दिवसभर उत्खननातली बैलांची हाडं. प्राणी, अवयव, डावं-उजवं, खुणा. मग पुढचं हाड. खुराच्या वरच्या हाडांना कडेने गाठीसारखी वाढ आहे. जुवाखाली राबल्याची, की नुसतं म्हातारपण? उत्खननाच्या प्रमुख मॅडमचा पुण्याहून फोन. "ज्याचं वय नि काम माहीत आहे अशा बैलाचे पाय ताडून बघायला मिळाले तर बरं. नाहीतर डेटाबेसमध्ये 'अनिश्चित' टाक."
असा बैल मला माहीत आहे. आमचा पवळ्या. जन्मभर नांगर नि गाडी. काही वर्षांपूर्वी गावी, परंदवडीला, बांधालगत आबांनी स्वतः खड्डा काढून पुरलाय.
वडिलांना हे विचारायचं कसं.

१२ नोव्हें.
विचारलं. आबा म्हणाले, "पुरल्यालं उकरत्यात व्हय, सुले?" फोन बंद.
'अनिश्चित' टाकलं.

१७ नोव्हें.
आबांचा फोन नाही. आई गेल्यापासून रोज दिवेलागणीला यायचा. बोलणं काय, तर "थंडी पडली का तितं?" मी केला की उचलत नाहीत. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बरं हायेत. भात झोडायला गेल्यात."
बरे आहेत. मग माझ्याशी का नाही बोलत?

२३ नोव्हें., रवि.
न राहवून परंदवडीला गेले. लोकलने बेगडेवाडीला उतरून रिक्षा. आबा गोठ्यात बसलेले. गोठा रिकामा, तरी ताजा सारवलेला. "आलीस?" एवढंच. मी विषय काढला नाही. नुसतं त्यांच्याजवळ बसायचं होतं.
जेवताना आपणहून बोलले. "शेवटाला उतारावर थांबायचा त्यो. डावा पाय उचलून धरायचा. मला वाटायचं, आळस करतोय." घास हातातच. "लय दुखत आसंल का गं? हाडात दिसतं का ते?"
"सांधा किती झिजला ते दिसतं, आबा."
हात धुऊन आबा म्हणाले, "पुढल्या ऐतवारी ये. उकरू."

३० नोव्हें., रवि.
सकाळीच खणलं. कुदळ मला धरू दिली नाही. हाडं लागल्यावर आबा खाली बसले, हातानेच माती काढू लागले. मस्तकावरून तळवा फिरवला, जिवंत असताना फिरवायचे तसाच. चारी पाय तेवढे मी घेतले, बाकीचं पुन्हा मातीआड. निघताना म्हणाले, "खरं काय ते सांग."

३ डिसें.
धुऊन वाळले. डाव्या मागच्या पायाची वाढ बोटाला टोचते. सांध्याची दोन हाडं एकमेकांना चिकटलेली, सुटत नाहीत. आळस नव्हता तो. मॅडम खूष, असा नमुना हवाच होता म्हणाल्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

४ डिसें.
आबांचा फोन आला. आवाज ऐकून फार बरं वाटलं. "काय दिसलं?" मी म्हटलं, फोनवर कसं सांगू.
"मंग मी येतो. मला दाव."
कधीच आले नाहीत इथे. उद्या येतायत. टेबल पुसलं. पाय मांडले, वर फडकं टाकलं. मग काढलं. आता डावा पाय हातात घेऊन बसलेय.