पायाशी लोकर

बुर्गोस, ९ ऑगस्ट

चि. कासिल्दास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं आईचं लोकरीचं ब्लँकेट परत पाठवते आहे. सांतियागोच्या यात्रेला चालत जायचं, तर हे म्हणजे सबंध मेंढीच पाठीवर घेणं. दुकानातला पोरगा त्याहून शहाणा. मला आजी म्हणाला आणि बर्फाच्या डोंगरावर लागते तसली फुगीर झोपायची पिशवी दाखवू लागला. शेवटी पातळ रेशमी पिशवी घेतली; मुठीत मावते.

सामान टॅक्सीने पुढे पाठव, असं पुन्हा सुचवू नकोस. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी संत सांतियागोला शब्द दिलाय, ओझं माझ्याच पाठीवर. डॉक्टर म्हणतात डोळा वाचला, तू म्हणतेस दिसतं. पण तू अंगात ताप असतानाही बरी आहे म्हणणारी. माझा काडीचा विश्वास नाही. डॉक्टर सांगेपर्यंत शिवण बंद.

तुझी भांडखोर बहीण,
लेओकादिया

लेओन, १३ ऑगस्ट

ती. लेओकादियाताईस सा. न. वि. वि.

मेंढी पोचली. सध्या तुला रेशीम पुरेल, पण ओ सेब्रेइरोच्या डोंगरावर उन्हाळ्यातही धुकं असतं, आणि ढेकणांच्या भीतीने पुष्कळ धर्मशाळांनी पांघरुणं काढून टाकली आहेत. लहानपणी गार पाय माझ्या पोटाला लावायचीस; तिथे कुणाच्या पोटाला लावणार?

वाटेत लेओनला माझ्याकडे मुक्काम कर. पिशवी धुऊन देईन, तेवढं तरी करू दे. आणि दिसतं गं मला. तुझ्या मिशासुद्धा दिसतील.

लोभ आहे तसाच राहू दे, आवाज थोडा कमी कर.

कासिल्दा

ओ सेब्रेइरो, ४ सप्टेंबर

चि. कासिल्दास,

आशीर्वाद नंतर, आधी जाब दे.

काल इथे धुकं आणि पाऊस. धर्मशाळेत एकही पांघरूण नाही. सांभाळणाऱ्या बाईंना मी चार शब्द ऐकवले, मग त्यांनीच पुढे केलेलं कोबीचं गरम सूप मुकाट प्यायले. लेओनला तुझ्याकडून धुऊन घेतल्यापासून उकाड्यामुळे पिशवी नुसती उशाला घेत होते. काल पहिल्यांदा आत शिरले, तर पावलं लोकरीत! सकाळी पिशवी उलटी केली. तळाशी आईच्या ब्लँकेटचा तुकडा, फक्त पावलांपुरता.

अर्थात संतापले. ब्लँकेट कापलंस, वर डॉक्टरांनी मना केलेलं शिवण केलंस! मग चष्मा लावून टाके पाहिले. पांढऱ्या रेशमावर पांढरा दोरा, तांदळाच्या कणीएवढे टाके, सगळे एका ओळीत. शेवटी तुझी ती फुलीची गाठ, जी शिवणाच्या तासाला सिस्टर पुरिफिकासिओन साऱ्या वर्गाला, विशेषतः मला, दाखवायच्या.

इथल्या चर्चमध्ये जाऊन बसले. मागायला काही उरलंच नव्हतं. देवाचे आभार मानले, तेही नीट जमेनात.

एकच शंका. सुई कुणी ओवून दिली? शेजारणीने दिली असेल तर तसं लिही. सांतियागोचं पोस्ट पत्र राखून ठेवतं.

पाठीवर सगळं हलकं हवं. तुझा लोभ मात्र कितीही जड चालेल.

लेओकादिया

लेओन, ८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उरलेलं ब्लँकेट तुझ्या इथल्या पलंगावर घातलं आहे. परतताना इथेच उतर. डॉक्टर रागावले, मग पिशवी बघायला मागू लागले.

शेजारीण आली होती, ओवून देते म्हणाली. तिला कॉफी दिली आणि गप्प बसवलं. खिडकीशी उभी राहिले, दोरा ओठांनी ओला केला. दोनदा हुकला.

सुई मीच ओवली, ताई.

कासिल्दा