तिचं नाही काम ते

प्रिय गार्गी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझे बाबा ओसरीवरून मध्येच उत्तरं देतात. हे त्यांच्या कानावर पडायच्या आधी तू एकटीनं वाचावंस असं वाटतं. हरभरा सोंगून झाला, गहू उभा आहे. आपलं शेंडेफळ, शिवम, कॉलेजला परत गेल्यापासून दुपारी घर अगदी गप्प असतं, म्हणून लिहायला बसले.

नाशिकहून, तुझ्याकडून आल्यापासून तुझ्या बाबांचं एकच चाललंय. पारावर, दूध डेअरीवर, परवा तर साखरखेर्ड्याला माझ्या भावाकडेही तेच. द्राक्षाचे मळे कसे, वाईनची ती भली मोठी स्टीलची पिपं कशी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तू. "पोरगी माही ट्रकच्या बाजूनं अशी सट्‌कन गाडी काढते!" भावाच्या घरी मी चहाची कपबशी धरून ऐकत होते. त्या दिवशी वायनरीला जाताना गाडीतही तेच ऐकलं होतं. ते तुझ्या शेजारी पुढं, मी नि शिवम मागं, आणि प्रत्येक वळणाला तुझं कौतुक. शिवम शाळेत जायला लागला तेव्हा मी स्कूटी शिकते म्हणाले होते, तर याच माणसानं "धाड गावच्या बजारात लोक हासतीन" म्हणून विषय मिटवला होता. तुला हे ठाऊक नसेल. मीही विसरले होते, तुझ्या गाडीत बसेपर्यंत.

मग त्या वायनरीत आपण लांबलचक टेबलाशी उभे राहिलो. काळा एप्रन घातलेली ती मुलगी ग्लास कसा गोल फिरवायचा, आधी वास कसा घ्यायचा ते दाखवत होती. तुझ्या बाबांनी नाक आत घातलं नि म्हणाले, "जांभळासारखा वास येऊन राह्यला." ती म्हणाली, "अगदी बरोबर, काका." त्यावर तू टाळी वाजवलीस आणि ते असे लाजले, की लग्नातही मी त्यांना तसं लाजताना पाहिलं नाही. तेवढ्यात तू तुझा ग्लास माझ्याकडे सरकवलास. "आई, एक घोट बघ ना." माझा हात पदराखालून निघाला होता, गार्गी. खरंच निघाला होता. तुझे बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिले काय देतं? तिचं नाही काम ते." आणि तू म्हणालीस, "बरं." शिवमनं तो ग्लास उचलला आणि उसाच्या रसासारखा एका दमात संपवला. माझ्यासाठी द्राक्षाचा रस आला.

त्यांचं बोलणं मला लागलं नाही, ते अंगवळणी पडलंय. लागलं ते तुझं "बरं". माझ्या बाजूनं तू जरा तरी भांडशील असं वाटलं होतं. तुला हॉस्टेलला पाठवायचं नाही म्हणाले तेव्हा मी जेवण सोडलं होतं, आठवतं ना?

जेवायला मळ्याच्या कडेला बसलो. समोर द्राक्षाच्या रांगा, पलीकडे धरणाचं पाणी. तुझे बाबा त्या जाड मेनूकार्डावर बोट ठेवून तुला विचारत होते, हे काय असते, ते कसं लागते, आणि शेवटी म्हणाले, "तू सांगशील ते." घरात ताटात काय पडलंय हे न बघता जेवणारा माणूस! काट्यानं खाताना त्यांची भाजी शर्टावर सांडली, तर तुझ्याबरोबर स्वतःच हसत सुटले. तीच भाजी माझ्या हातून सांडली असती तर? मी बाजूला बसून तुम्हा दोघांकडे बघत होते. सवतीचा मत्सर बायका करतात, पोटच्या पोरीचा कुणी करतं का? मी केला. तुझ्या आखूड केसांचा, वेटरला नाव विचारून बोलण्याचा, "मला हे नको" असं सरळ सांगण्याचा. आणि सगळ्यात जास्त, जो नवरा मला इतक्या वर्षांत भेटला नाही तो तुला बाप म्हणून मिळाला, याचा. तू चांगली दिसत होतीस, सुखात होतीस, आणि मला ते बघवेना. आईनं असं लिहू नये. पण झालं ते असंच झालं.

म्हणून मी डोकं दुखतंय म्हणाले. डोकं दुखत नव्हतं. तुला आम्हाला मळ्यात फिरवायचं होतं, तू त्या लोकांशी बोलूनही ठेवलं होतंस. तरी निमूट गाडी काढलीस.

आता पत्राचं कारण. परवा फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "आई, तुझी शपथ, मी परत वाईनला हात लावणार नाही, पण माझ्याशी नीट बोल." तुझ्या बाबांनी स्पीकरवर ते ऐकलं नि मला म्हणाले, "बरं झालं तू रागावली, पोरगी शहाणी झाली." मी तोंड उघडलं नाही, आणि त्या रात्री मला माझीच लाज वाटली. तुझं पिणं मला खटकलं नव्हतं बाई. शपथ सुटली म्हण. मोठ्यानं म्हण. माझ्या हेव्यापायी तू काही सोडू नकोस. सोमवारी मी बुलढाण्याहून नाशिकची गाडी धरणार आहे, एकटी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "काऊन?" मी म्हटलं, "जावंसं वाटलं म्हून." मग म्हणाले, "वापस कधी येशील?" ते मी अजून ठरवलेलं नाही. ती वाईन मला आवडेल की नाही कोण जाणे, कदाचित थुंकूनही टाकीन. पण ते माझं मी बघीन. हेवा अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? तो घेऊनच येते. स्टँडवर घ्यायला ये.

तुझीच, थोडी जळकी,
आई