साचा, विमा आणि चौथा खण यांबाबतचे माझे मृत्युपत्र

आज बुधवार, दिनांक १२ मार्च २०२५, सकाळचे ११ वाजून २० मिनिटे. कारखान्याच्या मागच्या खोलीत विम्याची पॉलिसी तिसऱ्यांदा वाचत असताना मी हे लिहायला घेतले. वय २७, शिक्षण नववीपर्यंत, धंदा साचे बनवण्याचा. डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, समोर बसून कोणी सांगत नाही. दाराला आतून कडी लावलेली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे एखादे निघाल्यास ते खोटे समजावे.

१. कारखाना. बादलीच्या कडीवर प्लॅस्टिकची मूठ असते, ती आम्ही बनवतो. भागीदारी निम्मी-निम्मी: मी आणि माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. साचा माझा, माझ्या हाताने कापलेला. त्याला चार खण आहेत, म्हणजे मशीनच्या एका दाबात चार मुठी पडतात. बँकेने त्याची किंमत साडेचार लाख धरली. दाजींनी राहते घर तारण ठेवले. या दोन्हींवर अठरा लाखांचे कर्ज मंजूर झाले. बारा मिळाले, त्यांचे मशीन आले. सहा कच्च्या मालासाठी उद्या मिळायचे आहेत.

२. विमा. बँकेने दोघांच्याही आयुष्याचा विमा मागितला. दाजींना साखर निघाली, म्हणून त्यांचा झाला नाही. माझा वीस लाखांचा झाला. म्हणजे या भागीदारीत फक्त माझ्या मरण्याने पैसे येतात. हे मी कुणाला बोलून दाखवले नाही, पण पॉलिसी आल्यापासून मी ताईकडे चहा घेणे सोडले आणि मशीनजवळ दाजींकडे पाठ करून उभा राहिलो नाही. विम्यातून आधी बँकेचे फिटावे. उरेल त्यातला माझा निम्मा हिस्सा ताईला, तिच्या एकटीच्या खात्यात. दोघांच्या खात्यात नाही.

३. साचा. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

फेब्रुवारीभर मी नमुने घेऊन बादलीवाल्यांकडे फिरत होतो. मशीन दाजी आणि मावशी बघत. मावशी नात्याच्या नव्हेत, आमच्या एकमेव कामगार आहेत. परत आलो तेव्हा कच्चा माल संपून मशीन बंद होते. मी आधी मशीनवरचा आकडा वाचला: महिन्यात ३१,२६० दाब. चारने गुणून १,२५,०४० मुठी. खोक्यांत, मोडक्या धरून, ९३,७८०. साचा उघडून बघायचे सोडून मी वजाबाकीचा कागद घेऊन रविवारी ताईच्या घरी गेलो आणि तिच्यादेखत दाजींना म्हणालो की मागच्या दाराने माल विकला जातो आहे. फरक बरोबर ३१,२६० होता. चोर इतक्या नेमाने चौथा हिस्सा नेत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

दाजी जेवत होते. हात धुऊन म्हणाले, "इन्स्पेक्टर, हा हिशेब इथे नाही सुटायचा. चल मशीनवर."

साचा उघडला. चौथ्या खणाच्या तोंडात पितळेची मेख ठोकलेली होती. मावशींना बोलावले. त्या म्हणाल्या की जानेवारीतच चौथी मूठ ओढली की फुटायची, एक फेब्रुवारीपासून तीनच पाडतो, आणि तुम्हाला सांगायचे नाही असे ठरले होते.

"त्या खणात तुझाच हात चुकलाय," दाजी म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू तसाच चपला घालून बँकेत सांगून आला असतास. सहा लाख अडकले असते, मग हप्ते थकले असते, मग माझं घर."

मी मापून पाहिले. मूठ एका बाजूने अर्धा मिलिमीटर पातळ येते. चूक माझीच.

परतल्यावर ताईने चहा पुढे ठेवला. "पी," ती म्हणाली. "तुझ्या दाजींना एवढं सुचत असतं तर आज आपलं दुमजली घर असतं."

मी प्यालो. अर्धा.

तरी साचा दाजींनाच देतो. त्याचा दोष ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच तो राहावा. अट एकच: दुरुस्ती होईपर्यंत ती मेख काढू नये. फुटणारी मूठ कुणाच्या हातात जाऊ नये.

४. दुरुस्ती माझ्या उस्तादांनी करावी, फुकट. त्यांनी माझा पहिला पगार 'शिकण्याचे भाडे' म्हणून कापला होता. तो मी विसरलेलो नाही. एवढ्यात फिटला असे समजेन.

५. माप घ्यायचे व्हर्निअर आणि सर्व कानशी भाचीला. तिच्या वडिलांनी उसन्या मागितल्यास तिने लिहून घ्यावे.

६. खोलीची अनामत घरमालकाकडून ताईने घ्यावी. भिंतीची चीर मी येण्याआधीची आहे. फोटो मोबाइलमध्ये आहेत.

७. बँक. उद्या सकाळी अकरा वाजता 'चारही खण चालू आहेत' या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या व्हायच्या आहेत. दाजींनी त्यांची करून ठेवली आहे. मी करणार नाही. बँकेच्या बाईंना खण बंद असल्याचे सांगणार आहे, आणि दुरुस्तीला मुदत मागणार आहे. दाजींना हे अजून माहीत नाही. त्यांच्या सहीवर माझा राग नाही, पण विश्वास उरला आहे असेही लिहिता येत नाही. सहा लाख अडकल्यास माझी बचत आधी हप्त्यांना लावावी, उरलेली ताईला द्यावी.

हे सर्व मी स्वतः लिहिले, दोनदा तपासले, आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: (साचेवाला, भागीदार)

साक्षीदार १: मावशी, मशीन चालवणाऱ्या. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून यांना काही ठेवलेले नाही. यावर त्या म्हणाल्या, "मग साक्षीला दुसऱ्या कुणाला तरी घ्यायचं होतं की." तरी सही केली.

साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांनी मजकूर वाचला नाही, फक्त माझी नाडी पाहिली.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली. दिनांक: १२ मार्च २०२५, दुपारी १ वाजून ५ मिनिटे.

जोडपत्र: पैसे
माझे खर्च झालेले: साच्याचे पोलाद १,३८,०००, विम्याचा पहिला हप्ता ९,६४०, नमुन्यांसाठी प्रवास ६,२१५. एकूण १,५३,८५५.
बँकेचे देणे, दोघांचे मिळून: ११,८५,३००. महिन्याचा हप्ता २६,७००.
माझी बचत: ८३,४५०.
तीन महिन्यांचे हप्ते: ८०,१००. उरतात ३,३५०.
म्हणजे खरे सांगणे मला तीन महिने परवडते. दाजींना किती परवडते, ते मी विचारलेले नाही.